गोणीतले खत आणि पिकाच्या पोटातले खत

चेंबूरहून माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्यांचे नेहमीचे येणे-जाणे आहे, त्यांना खताच्या गोणींनी भरलेले ट्रक काही नवे नाहीत. एका अंगाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आपल्या बोलण्यातील आर.सी.एफ., पलीकडे अणुशक्ती केंद्राच्या टेकड्या आणि पुढे माहुलचा जुना कोळीवाडा. आमचा धंदा कापडाचा. माहुल गावातील दोन-तीन दुकानांत आमचा माल जातो, त्यामुळे या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकून पडण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. (माहुलच्या हवेचा प्रश्न २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि नंतर उच्च न्यायालयापुढे गेला होता. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावयास हवे.) येथे सांगावयाचे आहे ते त्या ट्रकांतील मालाविषयी. माहुलच्या वेशीवरून निघालेल्या गोणीतील किती खत खरोखर पिकाच्या पोटात जाते?

प्रश्न साधा वाटतो, परंतु आम्ही स्वतः तो वीस-पंचवीस वर्षे विचारला नाही. कोकणात आमची वडिलोपार्जित ४० गुंठे भातशेती आहे. चुलत बंधू ती कसतात आणि खताचा पैसा आम्ही मुंबईहून पाठवितो. दरवर्षी मृगाच्या आधी फोन येतो, ‘भाई, खताचे तेवढे बघा,’ आणि आम्ही बघतो. कापडाच्या दुकानात एका तागामागे अर्धा मीटर कमी भरला तर आम्ही गिरणीवाल्याला दहा वेळा फोन करतो. खताच्या बाबतीत मात्र पैसा गेला, गोणी आली, शेतात पडली, हिशेब संपला, असे समजून बसलो होतो.

हकीकत अशी आहे की पाणथळ भातशेतीत वरून फेकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा, फार झाले तर चाळीस टक्के, त्या पिकाला मिळतो. स्फुरदाचे पहिल्या हंगामातील प्रमाण त्याहून कमी, पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर शंभर मीटर कापडाचे पैसे मोजावेत, पस्तीस मीटर गिऱ्हाइकाच्या हाती पडावे आणि उरलेले वाटेत नाल्यात जावे! असा धंदा कोणी वर्षभर तरी करील काय? शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे, आणि त्यात त्याचा दोष थोडा आहे.

हे प्रमाण कळले कसे, तेही मनोरंजक आहे, कारण त्याचा धागा माहुलच्या शेजारीच सापडतो. ट्रॉम्बेला १९५६ साली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्ट्यांत फॉस्फरस-३२ नावाचा किरणोत्सारी स्फुरद तयार करता येतो. खतात तो मिसळला की झाडात आलेला स्फुरद खतातून आला की मातीतील जुन्या साठ्यातून, हे उपकरणाने मोजता येते. त्याचा जोर सुमारे चौदा दिवसांत निम्मा होतो, म्हणून मोजणी लवकर उरकावी लागते. नत्रासाठी नायट्रोजन-१५ वापरतात. तो किरणोत्सारी नाही, फक्त वजनाने थोडा भारी असतो. आम्ही ठोकच्या मालाच्या कडेला आपल्या खुणेचा रंगीत दोरा घालतो, म्हणजे माल कोठेही गेला तरी ओळखता येतो. हा प्रकार तसाच. खुणेचे नत्र मातीत घातले, पीक कापले, दाण्यात व पेंढ्यात खूण किती आली ते पाहिले, आणि बाकीचे गेले असे धरले.

पण गेले कोठे? युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो. वरच्या वर पडलेला असेल तर त्याचा काही भाग वाफेसारखा हवेत उडतो. विदर्भ-मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे जास्त घडते. मागे राहिलेल्या अमोनियाचे सूक्ष्म जंतू नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीच्या कणाला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर चालू लागते. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वरच्या खाचरातील पाणी बांध ओलांडून खालच्या खाचरात, तेथून ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला. साचलेल्या चिखलात, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे आणखी एक गळती होते. नायट्रेटचा वायू होऊन तो बुडबुड्याप्रमाणे निघून जातो. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू पृथ्वी तापविण्यात कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट जोरकस आहे. म्हणजे आमच्या पाठविलेल्या पैशाचे नुकसान एक, आणि त्याच पैशाने हवा-पाणी बिघडविणे हे दुसरे.

स्फुरदाची तऱ्हा निराळी. तो उडत नाही, फारसा वाहतही नाही. मातीच तो धरून बसते. कोकणच्या तांबड्या आम्ल मातीत लोह व ॲल्युमिनियम त्याला धरतात, काळ्या मातीत चुना धरतो. उधारी बुडालेली नसते, पण वसूलही होत नाही, अशा गिऱ्हाइकासारखी ही गोष्ट आहे.

आता कारखान्याकडे पाहा. हा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला तेव्हा तो फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा होता. १९७८ साली त्या कॉर्पोरेशनची फेररचना होऊन आर.सी.एफ. कंपनी झाली, आणि १९८५ च्या सुमारास अलिबागजवळ थळचा मोठा कारखाना चालू झाला. ‘उज्ज्वला’ युरिया आणि ‘सुफला’ ही नावे महाराष्ट्रातील कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नाहीत? (२०२२ पासून सगळ्या कंपन्यांच्या गोणींवर ‘भारत’ हे एकच मोठे नाव छापले जाते, तरी गावात लोक अजून उज्ज्वलाच म्हणतात.) हवेतील नत्र आणि नैसर्गिक वायूतील हायड्रोजन प्रचंड दाबाखाली व उष्णतेत एकत्र आणून अमोनिया करावयाचा, त्यापासून युरिया. या कारखान्यात चेंबूर भागाचे सांडपाणी शुद्ध करून वापरण्याचीही सोय आहे. ज्या कारखान्यात गटाराचे पाणी वाया जाऊ देत नाहीत, तेथून निघालेला माल शेतात गेल्यावर दोन तृतीयांश वाया जावा, ही गोष्ट आमच्या व्यापारी मनाला फार लागली.

सात-आठ वर्षांपूर्वी एका सालाने आमचे डोळे उघडले. त्या वर्षी धंदा बरा होता, म्हणून आम्ही एक गोणी जास्त पाठविली. भात असे काळेशार हिरवे झाले की शेजारी थांबून पाहू लागले. सप्टेंबरअखेर जोराचा पाऊस-वारा झाला आणि सगळे पीक आडवे पडले. दाणा भरला नव्हता, पेंढा कुजला. गावातील एक बुजुर्ग बंधूंना म्हणाले, ‘अरे, तुझ्या भाईने भाताला नाही, गवताला खत घातले.’ त्यांचे बोलणे शास्त्रालाही धरून होते. नत्र जास्त झाले की पाला माजतो, ताट मऊ राहते, कीड वाढते आणि पीक लोळते.

त्यानंतर बंधूंना तालुक्याच्या ठिकाणी कृषी खात्याच्या एका माणसाकडून ‘चारसूत्री’ची माहिती मिळाली. ही पद्धत डॉ. नारायण सावंत यांनी बसविलेली. परदेशात खतसंशोधनाचे काम केलेला हा शास्त्रज्ञ आपल्या कोकणातील लहान शेतकऱ्याच्या खाचरात उतरला, याचे आम्हांस कौतुक वाटते. चार सूत्रांपैकी पहिले, भाताचे अवशेष भातालाच परत देणे. रोपवाटिकेत तुसाची काळी राख व खाचरात पेंढा घातला की सिलिका आणि पालाश फुकट मिळतो आणि ताट कणखर होते. दुसरे, चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला, गुंठ्याला सुमारे ३० किलो. तिसरे, नियंत्रित लावणी: चुडांमधील अंतर एकदा १५ सेंटिमीटर, एकदा २५, असे आलटून-पालटून, की चार चुडांचा एक लहान चौकोन तयार व्हावा. आणि चौथे सूत्र, ज्यासाठी हा सारा लेख आहे, ते म्हणजे युरिया व डीएपी ६० ला ४० या प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, जिला ब्रिकेट म्हणतात, ती लावणीच्याच दिवशी चौकोनाच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबावयाची. चार चुडांत एक गोळी, संपूर्ण हंगामात एकदाच.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेही ‘कोकण अन्नपूर्णा’ नावाच्या अशाच ब्रिकेट काढल्या असून त्यांत नत्र-स्फुरदाबरोबर पालाशही आहे.

खोल दाबण्याने काय होते? त्या थरात हवा नसते. तेथे अमोनियाचे नायट्रेट होत नाही. तो मातीच्या कणांना चिकटून राहतो आणि मुळे त्याच्याकडे हळूहळू येतात. वर पाणी वाहून गेले तरी गोळी जागेवर असते. दुकानदार रोख रक्कम गल्ल्यावर पसरून ठेवत नाही, खालच्या कप्प्यात ठेवतो, इतकी ही साधी युक्ती आहे.

हिशेब आम्ही स्वतः कागदावर मांडला. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे गुंठ्याला १ किलो. तेवढ्यासाठी २ किलोहून थोडा अधिक युरिया फेकावा लागतो. चारसूत्रीत गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात, वजन सुमारे १.७ किलो, आणि त्यांत नत्र भरते ६०० ग्रॅमच्या आत. नत्र चाळीस टक्के कमी, वर स्फुरदही त्यातच आला, आणि पीक तेवढेच किंवा जास्त. म्हणजे खत वाढविले नाही, गळती बंद केली.

पहिल्या वर्षी बंधूंनी एका ५ गुंठ्यांच्या खाचरात प्रयोग केला. लावणीसाठी खुणेची दोरी लागते. ती बाजारात मिळेना, तेव्हा आम्ही नायलॉनची दोरी आणून दुकानात बसून त्यावर लाल-पिवळ्या कतरणी बांधल्या, १५ आणि २५ च्या अंतराने. कापड मोजण्याचा गज आयुष्यात प्रथमच शेतीच्या कामी आला! ३,१२५ गोळ्या दाबण्यास दोन बायांचा जवळपास सारा दिवस गेला. पीक फारसे काळे-हिरवे दिसले नाही, म्हणून शेजारी हसले. कापणीला मात्र जेथे पूर्वी ३ गोणी भात होई तेथे ४ झाल्या आणि पीक उभे राहिले. एका खाचरावरून कोणी मोठा निष्कर्ष काढू नये. त्या साली पाऊसही सांभाळून पडला होता आणि बियाणे नवे होते.

दुसऱ्या वर्षी फजिती झाली, तीही आमच्या चुकीने. गोळ्यांच्या पिशव्या माळ्यावर उघड्या राहिल्या. युरियाला हवेतील ओल ओढून घेण्याची खोड आहे. जुलैत पाहतो तो गोळ्यांचा लगदा झालेला. त्या वर्षी पुन्हा फेकणेच आले.

मग एवढी चांगली पद्धत सर्वत्र का पसरली नाही? येथे खरा प्रश्न आहे, आणि तो शास्त्राचा नसून बाजाराचा आहे. ४० गुंठ्यांना २५,००० गोळ्या लागतात, आणि त्या वाकून, चिखलात हात घालून दाबाव्या लागतात. कोकणातील तरुण मुंबईत किंवा आखातात. मागे राहिलेल्या बायांची मजुरी दरवर्षी वाढते, ती वाढावयासच हवी. दुसऱ्या बाजूला ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत २०१८ पासून सुमारे २६६ रुपये आहे. खरा खर्च त्याच्या कित्येक पट असून तो सरकार सोसते. २०२२-२३ या एका वर्षात खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले, कारण युक्रेनच्या युद्धाने वायूचे व खताचे भाव भडकले होते. मजुरी महाग आणि युरिया स्वस्त असेल, तर शेतकरी मजुरी वाचवून युरिया वाया घालविणार. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही तेच केले असते, किंबहुना केलेच.

यात आणखी एक वाकडेपणा आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशाच्या खतांवरील किंमत नियंत्रण उठले, युरियाचे राहिले. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला. त्यामुळे शेतकऱ्याचा हात युरियाकडेच वळतो. परंतु पीक सर्वांत कमी असलेल्या अन्नद्रव्याच्या मापाने वाढते, हे जर्मन शास्त्रज्ञ लिबिग याने एकोणिसाव्या शतकात लोकांपुढे मांडले. मागावर ताणा कितीही भरा, बाण्याचे सूत संपले की कापड तेथेच थांबते. जमिनीत जस्त नसेल तर युरियाची दुसरी गोणी ही रिकाम्या मागावर ताणा भरण्यासारखी आहे. २०१५ पासून मिळू लागलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत मातीच्या १२ गोष्टी तपासून लिहिलेल्या असतात, त्या याचसाठी. आमची पत्रिका दोन वर्षे कपाटात, विजेच्या बिलाखाली होती, हे कबूल करतो.

हा विषय कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला परका नाही. आमचा माल कपाशीतून येतो. बोंडे भरण्याच्या वेळी पाने लाल पडण्याचा जो ‘लाल्या’ विदर्भ-मराठवाड्यात दिसतो, त्यामागे बहुधा नत्र व मॅग्नेशियम यांची ऐन वेळची उपासमार असते, मग पेरणीला खत कितीही ओतलेले असो. ठिबकमधून थोडे-थोडे विरघळणारे खत देणे हा तेथील उपाय. गोळीचे तत्त्व आणि ठिबकचे तत्त्व एकच, मुळाच्या तोंडाशी व वेळेवर.

आणि युरियाचा आमच्या धंद्याशी सरळ संबंधही आहे, तो थोडा लाजिरवाणा. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगाची छपाई करताना रंगाच्या लेपात युरिया घालतात, म्हणजे वाफेवर रंगाला ओल मिळते व तो धाग्यात उतरतो. त्यासाठी औद्योगिक युरिया महाग भावाने घ्यावयाचा असतो. शेतकऱ्यांचा अनुदानित युरिया मागच्या दाराने अशा कामांना, प्लायवूडच्या डिंकाला आणि दुधात भेसळीलाही जात असे. २०१५ साली देशातील सर्व युरियाला कडुलिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले, तेव्हा ही वाट बरीच अरुंद झाली. कडुलिंबाने नायट्रेट होण्याची क्रियाही मंदावते, हा त्याचा शेतीतील फायदा.

हल्ली नॅनो युरियाच्या बाटलीचा बोलबाला आहे. २०२१ साली जी अर्ध्या लिटरची बाटली आली तीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत नत्र २० किलोंहून अधिक. एक बाटली एका गोणीच्या बरोबरीची, असे सांगण्यात आले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे चाचण्या घेतल्या, त्यांत भात व गहू दोन्हींचे उत्पादन घटलेले आढळले. पुढे जास्त नत्राच्या बाटल्याही निघाल्या. आम्ही वजनावर माल घेणारे लोक. हजारपट फरकाचा माल समान भावात कोणी दाखवू लागला तर आधी काटा मागवितो.

उलट बांगलादेशाकडे पाहावे. तेथे युरियाची दाबून केलेली गोळी ‘गुटी युरिया’ या नावाने खेड्यापाड्यांत पोहोचली. हंगामाप्रमाणे १.८ आणि २.७ ग्रॅमची गोळी असते. ती गावच्या बाजारात लहान यंत्रावर तयार होते, आणि ते यंत्र चालविणारा माणूस बहुधा खताचा दुकानदारच असतो. युरिया एक तृतीयांश वाचला, भात वाढला, आणि मध्ये गोळी करणाऱ्यालाही चार पैसे सुटले. व्यापार त्यात शिरला म्हणून पद्धत टिकली. आपल्याकडे ज्ञान शास्त्रज्ञाने दिले, गोळी मात्र वेळेवर दुकानात नसते. कोकणात ज्यांच्या घरी थोडे भांडवल आणि रिकामी जागा आहे, त्यांनी असे यंत्र बसविण्याचा विचार करावा. खत कायद्याखालील परवाना लागेल, माल ओलीपासून सांभाळावा लागेल, विक्री वर्षातून महिना-सव्वा महिनाच चालेल. नफा मोठा नाही. पण आमच्या तालुक्यात गोळी विकणारा कोणीच नाही, आणि गिऱ्हाईक आहे. निदान एक तरी आहे.

यंदा बंधूंनी आणि दोन शेजाऱ्यांनी ठरविले आहे की लावणीला आळीपाळीने एकमेकांच्या खाचरात उतरावयाचे, म्हणजे गोळ्या दाबण्याची मजुरी वाटली जाईल. आमच्या ४० गुंठ्यांपैकी २० गुंठे चारसूत्रीत. १२,५०० गोळ्या, वजन ३४ किलोंच्या आत. खुणेच्या चार दोऱ्या आम्ही दुकानात बांधून गेल्याच आठवड्यात एस.टी.ने पाठविल्या. गोळ्यांची प्रत्येक पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये घालून तोंड शिवून घेतले आहे, आणि लावणीच्या सकाळपर्यंत उघडू नये, असे तीवर जाड अक्षरांत मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे.